टेम्पेलहोफच्या मैदानाचा निर्णय मतदारांकडेच असावा

संपादक महोदय,

बर्लिनमधील टेम्पेलहोफ विमानतळाच्या मोकळ्या जागेवर घरे बांधण्याचा वाद शमलेला नाही. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला अन्न आणि कोळसा पुरवणारी विमाने येथे उतरली, हे सर्वश्रुत आहे. परंतु नाझी राजवटीत याच परिसरात छळछावणी होती आणि युद्धकाळात वेठबिगारांकडून येथे विमाने जुळवून घेतली जात, याची आठवण बांधकामाच्या चर्चेत क्वचितच निघते. ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१० मध्ये सुमारे तीनशे हेक्टरचे मैदान धावपट्ट्यांसह नागरिकांना खुले झाले. कडेच्या भागात सुमारे ४,७०० घरे आणि ग्रंथालय बांधण्याची योजना मे २०१४ च्या सार्वमतात नागरिकांनी फेटाळली. त्या शहरातील घरटंचाई खरी आहे, हे मान्य. तरीही त्या सार्वमताने झालेला, मैदानावरील बांधकाम रोखणारा कायदा केवळ विधिमंडळातील बहुमताच्या जोरावर बदलणे मला अनुचित वाटते. बदल करायचाच असेल, तर किती घरे, कोणत्या भाड्याने आणि कोणाच्या मालकीची, हे आधी जाहीर करून पुन्हा मतदारांपुढे जावे.

– एक मराठी वाचक, बर्लिन