कॉर्फच्या गडावरून

बोर्नमथ, इंग्लंड

ती. आण्णांस, शि. सा. न.

रविवारी कॉर्फ कॅसल बघून आले. पायथ्याच्या गावाचं नावही तेच. दोन टेकड्यांच्या खिंडीत मधेच एक सुटी टेकडी, तिच्यावर गड, खाली करड्या दगडांची बैठी घरं. कौलांच्या जागीसुद्धा दगडाच्याच चिपा. वळणावरून पहिल्यांदा दिसलं तेव्हा आपलं वेल्हं आणि वर तोरणा, हेच डोळ्यांपुढे आलं.

गड जुना. ९७८ साली एडवर्ड नावाच्या कोवळ्या वयाच्या राजाचा इथेच खून झाला. सावत्र आईनं करवला, असं म्हणतात. आत्ता उभा आहे तो दगडी बालेकिल्ला मात्र बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुढे जॉन राजानं इथे खजिना ठेवला आणि कैदीही.

पण तुम्हाला सांगायची ती मेरी बँक्स. १६४३ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांची लढाई चालू असताना नवरा राजाकडे गेलेला, गडावर ही बाई, तिच्या मुली, दासी आणि मूठभर शिपाई. शिड्या लावून चढणाऱ्यांवर त्यांनी वरून दगड आणि धगधगते निखारे ओतले. वेढा उठला. दुसऱ्या वेढ्यात नवरा हयात नव्हता, तरी ती हटली नाही. शेवटी १६४६ मध्ये आतलाच एक अधिकारी फितूर झाला आणि मदतीची कुमक म्हणून शत्रूचे शिपाई आत घेतले. गड पडला तो असा. तिच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्या तिच्याकडेच राहू दिल्या, त्या तिच्या घराण्याच्या दुसऱ्या वाड्यात अजून आहेत. त्याच सुमारास आपल्याकडे महाराजांनी तोरणा घेतला, हे लक्षात आलं आणि मी तिथेच पायरीवर बसले.

मग पार्लमेंटनं हुकूम काढून गड सुरुंगांनी उडवला. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे फोडले, तसाच. दरवाजाचा एक अख्खा बुरूज उभाच्या उभा खाली घसरलाय. कमानीचा अर्धा भाग वर, अर्धा पुरुषभर खाली, तरी दगडांचे सांधे सुटलेले नाहीत. मी त्या फटीत हात घालून बघितला. आतला चुना अजून घट्ट आहे.

आणि पडलेले दगड गावानं नेले. घरं बांधली, भिंती बांधल्या. इथली माणसं हे मोकळेपणानं सांगतात. दगड हाच मुळी या गावाचा जुना धंदा. पर्बेक मार्बल म्हणतात तो दगड, खरा संगमरवर नव्हे, गोगलगायींच्या शिंपल्यांनी भरलेला, पण घासला की आरशासारखा. वेस्टमिन्स्टर ॲबीतले खांब याचेच. खाणीतून गाड्यांवर इथे यायचा, घडवून बंदरावर जायचा. पाथरवटांची जुनी संघटना अजून आहे, दरवर्षी इथे जमते, नव्या पोरांना दाखल करून घेते. बंदराच्या वाटेचा हक्क म्हणून जमीनमालकाला द्यायचा काय, तर एक पौंड मिरी! त्या काळी मिरी म्हणजे आपल्या मलबारच्या किनाऱ्याकडचा माल. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आण्णा, आपल्या उंबऱ्याचा दगड आजोबांनी गडावरून आणलेला, हे तुम्ही आल्यागेल्याला कधी सांगितलं नाहीत. मी शाळेत बोलले म्हणून रागावला होतात. मला वाटतं, आता सांगावं. तो दगड खाली आला म्हणून तरी राहिला, आणि आई रोज त्यावर हळदकुंकू वाहते.

एक कराल? उंबरा पुसून, उन्हं तिरपी असताना बघा, त्यावर टाकीचे घाव एका दिशेनं आहेत की आडवेतिडवे. इथल्या कमानीवर ते सगळे उजवीकडून डावीकडे उतरतात. दादाला फोटो पाठवायला सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी