आमच्या आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, जाहीर आभार

आक्का, हे तोंडावर सांगायला गेले की तुम्ही "बरं बरं, कुकर बघ जा" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांच्या समोर लिहितेय. तुमची लेक वाचून दाखवेलच. मधेच उठून जाऊ नका.

मुंबई मॅरेथॉन झाली माझी. हाफ नाही, फुल, ४२.१९५ किलोमीटर. ते १९५ मीटरचं शेपूट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून चिकटलंय म्हणे, आणि खरं सांगते, ४२ झाल्यावर ते शेपूटच जास्त नडतं.

परत आल्यापासून घरात नुसती वर्दळ चाललीय. गल्लीतल्या पोरांनी कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड लावला, माझा मेडल दाताखाली धरलेला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची ही मोठी रांग. पोरांनी प्रेमानं केलंय, त्यांना काही बोलायचं नाही. पण मी ती नावं वाचत उभी राहिले तर त्यात "या वयात कशाला पाहिजे हे, गुडघं जातील" म्हणणारे दोघं, "पोरीचं दहावीचं वर्ष आणि ही पळतीया" म्हणणारे एक, असे सगळे ओळीनं हजर, आणि तुमचं नाव कुठंच नाही. तिथंच डोक्यात बसलं की आता लिहायचंच.

आधी एक जुना हिशोब. मी सुरुवातीला एका रनिंग ग्रुपात जात होते ते तुम्हाला माहितीय. फी भरली, टी-शर्ट घेतला, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी मोटिव्हेशन यायचं, 'वुई रन टुगेदर' वगैरे. आणि प्रत्यक्षात रंकाळ्यावरनं निघालं की दहा मिनिटांत सगळे पुढं गायब, आम्ही दोघी-तिघी हळू पळणाऱ्या मागं. फुलेवाडीच्या पुढं अंधारात कुत्री मागं लागली तरी बघायला कोण नाही. परत पोचेपर्यंत पाण्याचे जार गाडीत भरलेले असायचे, ग्रुप फोटो पण काढून झालेला. एकदा तिथल्या कोचनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, तुमच्यासाठी दहा किलोमीटर बास आहे, फुलचं डोक्यातनं काढा." त्या दिवशी घरी येऊन मी काही बोलले नाही, तुम्ही पण विचारलं नाही. चहा ठेवला फक्त, आणि मामंजींच्या आधी मला दिला. आपल्या घरात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते बाहेरच्यांना नाही कळायचं.

नंतर ग्रुप सोडला आणि आपलं आपण सुरू केलं. माझी मैत्रीण स्कूटीवर पाणी घेऊन पन्हाळा रोडला केर्लीपर्यंत मागं मागं यायची, ह्यांनी रविवारची झोप सोडून सायकल काढली, युनिव्हर्सिटीच्या चढावर पोरं "आई चल" करून ओरडायची. ह्या सगळ्यांचे आभार मी घरातच मानलेत, पार्टी पण देऊन झालीय. हे पत्र तुमचं आहे.

तर बुटांचं.

रेस जानेवारीत, म्हणजे तयारी भर पावसाळ्यात. आणि आपला पाऊस म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, जुलैत एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन बघायला मिळत नाही, दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास आणि भिंतीला ओल. माझ्याकडं पळायचा एकच जोड होता. दुसरा घ्यायचा म्हणजे पुन्हा पाच-सहा हजार, आणि पोरीच्या क्लासची फी तेव्हाच आलेली. सकाळी पळून आलं की बूट पिळले तरी पाणी गळायचं. ओल्या बुटात लांब पळालं की कातडी फुगून मऊ पडते आणि मग फोड येतात, दोन रविवार मी लंगडत घरी आले. गॅसजवळ ठेवावे तर सोलचा डिंक सुटतो. म्हणून मी आपली बूट मागच्या पडवीत उपडे ठेवून द्यायचे आणि देवाला हात जोडायचे.

आणि एक दिवस बूट कोरडे. मला वाटलं वारा सुटला असेल. दुसऱ्या दिवशी पण कोरडे, बाहेर पाऊस धो धो. पांढऱ्या सॉक्सच्या टोकाला काळपट डाग दिसायला लागले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. इकडं मामंजींचं रोज चालू, "माझा पेपर कुठं हाय, आतलं पान न्हाई यात," आणि तुम्ही शांतपणे, "रद्दीत गेलं असंल."

मग एका रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलेल्या. माझा बूट मांडीवर, आतले ओले पेपरचे बोळे काढताय आणि कोरडे कोंबताय, पार टोकापर्यंत, बोटांनी दाबून दाबून. झोपताना एकदा भरायचे आणि ते पाणी ओढून ओले झाले की मधल्या रात्री उठून बदलायचे. मला बघून तुम्ही दचकला पण नाही, म्हणाला, "झोप जा, पहाटं उठायचंय न्हवं? पोरांचं शाळंचं बूट मी असंच वाळवत होतो."

बास, एवढंच बोललात. कधीपासून करताय, कुणी सांगितलं, काही नाही. आणि हे चालू होतं तेव्हा पंचगंगा वाढत होती, अख्खं गाव राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत होतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला गावाला पाण्यानं वेढलेलं आणि नळाला थेंब नाही हे आपण भोगलंय, त्यामुळं तुम्ही दिवसभर पिंप भरून ठेव, दळण आणून ठेव, आत्तींच्या गोळ्या महिन्याच्या आणून ठेव, यात होता. त्या सगळ्यात माझे बूट तुमच्या लक्षात राहिले. माझ्या स्वतःच्या आईनं पण केलं असतं का, असं मनात आलं, आणि ती हे वाचणार आहे तरी लिहितेय.

लोकांना दोन जावांची भांडणं ऐकायला आवडतात. पाहुण्यात कुणी ना कुणी येतंच कानाशी, "थोरली काय म्हणती?" आता विचारा म्हणावं.

दुसऱ्यासाठी असं मागं राहून राबणं आपल्या गावाला नवीन नाही तसं. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा पैसे कमी पडत होते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक खाशाबांनी आणलं, कुस्तीतलं ब्राँझ, पण गहाणखताचा कागद कुणी गळ्यात घालून मिरवत नाही. त्याच हेलसिंकीत झाटोपेक नावाचा एक गडी आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळाला आणि डायरेक्ट गोल्ड. माझ्या पहिलीचं तसं काय झालं नाही, माझ्या पुढं आजोबा लोक गेले, एक काका तर फोनवर बोलत गेले.

रेसचं फार सांगत नाही, सगळ्यांना पाठ झालंय. सीएसएमटीवरनं अंधारात सुटलो, सी लिंकवर, जिथं एरवी पायी सोडत नाहीत, तिथं समुद्राचा वारा लागला तोवर मजा होती. मग ऊन चढलं, मुंबईची ती चिकट हवा, आणि तीस किलोमीटरच्या पुढं पायात काही उरलंच नाही. अंगातली साठवलेली साखर तिथं संपते म्हणतात, आणि संपते ती सांगून नाही संपत. नेमका तेव्हाच परतीचा पेडर रोडचा चढ. रस्त्याकडंची अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, बर्फ हातात देत होती, नंबरावरचं नाव वाचून हाका मारत होती, त्यांचं पण देव भलं करो. तुम्ही दिलेले नव्या गुळाचे खडे खिशात विरघळून रुमालाला चिकटलेले, मी रुमालच चोखला. लाज कसली.

तिथं डोकं म्हणत होतं की बस खाली. आणि मी खाली बघितलं तर ते बूट. दुसरं काही सुचलं नाही मला, एवढंच की हिनं रात्री उठून उठून हे वाळवलेत आणि मी हे रेस सोडलेल्यांच्या बसमधनं न्यायचे का. चालले, पळाले, परत चालले, पण पोचले.

फोन केला तेव्हा घरात नुसता दंगा, टायमिंग किती, नंबर कितवा, मेडल केवढं. तुमच्याकडं फोन आला तर तुम्ही एकच विचारलंत, "पाय भिजलं न्हाईत न्हवं?" भिजले होते ओ आक्का, डोक्यावर पाणी ओतून घेतलेलं सगळं बुटात उतरलेलं. मी "न्हाई" म्हटलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये कराडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले, ह्यांना वाटलं पाय दुखतायत.

डिजिटलवर तुमचं नाव घालायला पोरांना सांगितलंय, तुम्ही चिडणार माहितीय, चिडा. आणि या रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही यायचं नाही, मटण मी करणार, तांबडा पण आणि पांढरा पण. चटणी तेवढी तुमच्या हातानं घाला, नाहीतर मामंजी जेवायचे नाहीत.

तुमची,
धाकटी