जखमीची शुश्रूषा गुन्हा ठरू नये : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : यादवी युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या सामान्य नागरिकांना कायद्याचं संरक्षण

माननीय महोदय,

दोन देश लढतात तेव्हा सैन्याच्या पाठीमागे इस्पितळं आणि शल्यविशारदांची पथकं असतात. देश आतूनच फुटतो तेव्हा लढाई वस्तीतून जाते, कधी कधी एकाच घरातल्या दोन भावांमधून जाते. गोळी लागलेला पोरगा कोसळतो तिथून सर्वांत जवळ कुणाचं तरी घर असतं. ते दार उघडणाऱ्या माणसांसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं परिचारिका म्हणून काढली. मांडीतली मोठी रोहिणी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. तेवढ्या वेळात तिथे कोण पोचणार? शेजारीच. रक्त थांबलं तरी पुढे ताप असतो, जखमेत पू होण्याची भीती असते, पाणी पाजायला आणि कूस बदलायला कुणीतरी लागतं. यातलं पुष्कळसं काम पदवी नसलेली माणसंही करतात आणि चांगलं करतात. मात्र त्यासाठी त्यांना पोलिसांची किंवा बंदूकवाल्यांची भीती वाटता कामा नये.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई तीन दिवस चालली. गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. दोन्ही सैन्यं निघून गेली आणि मागे वीस हजारांवर जखमी राहिले, त्यांत शत्रुपक्षाचे, म्हणजे दक्षिणेचेही हजारो. चर्चमध्ये, धान्याच्या कोठारांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत त्यांना ठेवलं गेलं. ज्यांच्या तोफांनी आपल्या भिंती फोडल्या त्यांचेच पाय गावातल्या बायका धूत होत्या. क्लारा बार्टन याच युद्धात पुढे आल्या. त्या मूळच्या शिक्षिका, नंतर सरकारी कचेरीतल्या कारकून. युद्ध संपल्यावर त्यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवली आणि सुमारे २२ हजार जणांचं काय झालं ते घरच्यांना कळवलं. मरणाऱ्याचं नाव-गाव विचारून लिहून ठेवणं हासुद्धा शुश्रूषेचाच भाग आहे. आई-बाप वर्षानुवर्षं वाट पाहत बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता कायद्याकडे येते, कारण आपल्याशी काम तिथेच आहे.

जिनिव्हा करार म्हणजे युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय करार. १८६४ च्या पहिल्या करारात एक सुंदर कलम होतं : जखमींना मदत करणाऱ्या रहिवाशांना त्रास द्यायचा नाही, आणि ज्या घरात जखमी सैनिकाला आसरा मिळाला ते घर त्या जखमीमुळेच सुरक्षित मानायचं. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातलं अठरावं कलम आणखी स्पष्ट आहे. जखमींची सेवा केली म्हणून कुणाचाही छळ करू नये, कुणालाही दोषी ठरवू नये, असं ते सांगतं. पण हे कलम देशादेशांतल्या युद्धासाठी आहे. यादवीला लागू होतं ते १९४९ च्या चारही करारांत सारखंच असलेलं, म्हणजे सामायिक, तिसरं कलम. जखमींना गोळा करून त्यांची काळजी घ्यावी, इतकंच ते म्हणतं. काळजी घेणाऱ्याचं पुढे काय, यावर त्यात अक्षर नाही.

ही उणीव १९७७ च्या दुसऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलने, म्हणजे जिनिव्हा करारांना जोडलेल्या यादवीसाठीच्या पुरवणी कराराने, पुष्कळशी भरून काढली. रुग्ण कुणीही असो, वैद्यकीय नीतीला धरून उपचार करणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, हे त्याचं दहावं कलम. सामान्य नागरिकांनाही आपण होऊन जखमींना गोळा करण्याची आणि त्यांची शुश्रूषा करण्याची मुभा आहे, हे अठरावं कलम. १६० हून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे, आपले शेजारी बांगलादेश आणि चीन त्यांत आहेत. भारत नाही. १९५० मध्ये जिनिव्हा करारांना मान्यता देणारा आपला देश इथे थांबला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा नुसता कागदी वाद नाही. सीरियात जुलै २०१२ मध्ये दहशतवादविरोधी कायदे आले आणि विरोधकांवर उपचार करणं हाच प्रत्यक्षात गुन्हा झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने नोंदवलं आहे. नेपाळमध्ये २००१ च्या आणीबाणीत, जखमी माओवादी आला तर सुरक्षा दलांना कळवा, असा आरोग्यसेवकांना हुकूम होता. असा हुकूम निघाला की जखमी दवाखान्याकडे फिरकत नाही, तो गोठ्यात किंवा रानात सडतो. युद्धातल्या वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठी सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी एकमताने केलेला २२८६ क्रमांकाचा ठराव मोलाचा आहे. पण तोही केवळ वैद्यकीय कामच करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा विचार करतो. शेजारची म्हातारी त्यात कुठे बसते?

आपल्या खात्याची अडचण मी समजू शकते. हा करार स्वीकारला तर अंतर्गत बाबींत परक्यांना नाक खुपसायला वाव मिळेल, अशी शंका असणार. पण त्याच प्रोटोकॉलचं पहिलं कलम दंगली आणि तुरळक हिंसाचार स्पष्टपणे वगळतं आणि तिसरं कलम देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागणार नाही याची हमी देतं. दुसरी शंका अधिक खरी आहे : बरा झालेला बंडखोर पुन्हा बंदूक उचलेल. उचलेलही. म्हणून त्याला अटक करायला हा करार आड येत नाही. त्याला पकडा, खटला चालवा. ज्या बाईने त्याच्या जखमेवर पट्टी बांधली तिला सोडा. मला खुपणारी उणीव वेगळीच आहे : रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क हा प्रोटोकॉल देशाच्या कायद्यावर सोपवतो. त्यामुळे सही करूनही आपलं काम संपणार नाही.

डॉ. मदनमोहन अटल स्पेनच्या यादवीत जखमींच्या सेवेला गेले होते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे तेच प्रमुख, आणि त्याच पथकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. परक्यांच्या युद्धांत आपल्या माणसांनी केलेल्या या सेवेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तिला कायद्याचा आधार देताना मागे का राहावं?

माझी विनंती अशी. दुसऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलचा फेरविचार व्हावा आणि संसदेत त्यावर चर्चा व्हावी. ते लांबणार असेल तर १९६० च्या आपल्या जिनिव्हा करार कायद्यात, जो आज मुख्यतः करारांच्या गंभीर भंगाला शिक्षा सांगतो, एक कलम वाढवावं : कोणत्याही बाजूच्या जखमीची शुश्रूषा केली, एवढ्याच कारणावरून कुणावरही खटला चालणार नाही आणि जखमीचं नाव सांगण्याची सक्ती होणार नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांत हा विषय निघेल तेव्हा डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने सामान्य नागरिकांचा उल्लेख व्हावा, असा आग्रह भारताने धरावा. यावर सरकारची भूमिका काय आहे, ते आपण जाहीरपणे सांगावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका