कुत्र्याला लसूण चारायच्या आधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत कुत्र्यांच्या दुखण्यांवर घरगुती उपाय सांगणारं अर्धं पान आलं होतं. पान छान सजवलेलं, कुत्र्याचा फोटोही झकास. आमच्या सुनेनं ते कापून फ्रिजच्या दाराला लावलं. दुपारी चहासाठी दूध काढायला गेलो तेव्हा उभ्या उभ्या वाचलं, आणि तिसऱ्या ओळीशी चष्मा पुसून परत वाचलं. गोचिडी होऊ नयेत म्हणून रोजच्या जेवणात लसणाच्या दोन पाकळ्या. पोट साफ होत नसेल तर रात्री भिजवलेल्या मनुका. उन्हाळ्यात कांद्याचा रस. कात्रण मी तिथून काढलं. सून विचारते, का काढलं? तिला जे सांगितलं तेच आपल्याला लिहितो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून 31 वर्षं काढली. व्रणोपचारक हा शब्द पगारपत्रकावरचा; गावात सगळे ड्रेसर म्हणायचे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैल पाडला की धरून ठेवायचा, आणि साहेब दौऱ्यावर असले की लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. सगळी नोकरी पाटण तालुक्यात झाली. दवाखाना गुराढोरांचा, पण त्यांच्या मागोमाग कुत्रीही यायची. बहुतेक वेळा घरचे सगळे उपाय करून झाल्यावर. त्यामुळं कुठला उपाय कुत्र्याला काय करून जातो ते मी कुत्र्याचं तोंड धरून, जवळून बघितलंय.

लसूण आणि कांदा एकाच घरची भावंडं. त्यांच्यातली गंधकाची द्रव्यं आपण पचवतो, पण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना ती सोसत नाहीत. पेशी फुटायला लागतात. कच्चा असो, शिजवलेला असो, नाहीतर वाळवून पूड केलेली असो, फरक पडत नाही. कांद्याचं बाधणारं प्रमाण कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम धरतात, म्हणजे दहा किलोच्या गावठी कुत्र्याला एक मोठा कांदा पुरे. लसूण त्याहून जहाल, आणि रोज थोडा थोडा दिला तरी त्याचा परिणाम साठत जातो. खाल्ल्या खाल्ल्या काहीच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी लघवी तांबूस होते, हिरड्या फिकटतात, कुत्रं धापा टाकतं. तोवर लसूण दिला होता हे घरात कुणाला आठवतही नसतं. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), गोचिडीतून होणारा बबेसिया नावाचा आजारही नेमक्या याच तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे गोचिडीवरचा उपाय म्हणून जे चारायचं, ते गोचिडीच्याच कामाला हातभार लावतं.

मनुकांचं तर सांगायलाच नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर जातात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा देता येत नाही. एखादं कुत्रं वाटीभर खाऊन हुंदडत राहतं आणि दुसऱ्याची मूठभरानं लघवी बंद पडते. संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं. आपला पेपर तासगाव-सांगलीकडंही जातो. तिथं घरोघरी बेदाणा. ते अर्धं पान वाचताना मला पहिल्यांदा तिकडची कुत्री आठवली. पोट साफ होत नसेल तर लाल भोपळा उकडून, कुस्करून, दोन चमचे अन्नात कालवावा आणि पाणी भरपूर ठेवावं. भोपळा मनुकांपेक्षा स्वस्तही पडतो.

जुन्या माणसांना काही कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. दवाखान्यात आम्ही टर्पेंटाईनचा बोळा भरायचो, अळ्या वर आल्या की चिमट्यानं एकेक काढायचो. दवाखान्यापर्यंत ज्यांना येता येत नसे ते धनगर सीताफळीचा पाला ठेचून जखमेत भरायचे, आणि अळ्या खरोखर मरायच्या. मी स्वतः बघितलंय. पण त्यातल्याच एका कुत्र्याची जखम भुवईवर होती. रस डोळ्यात उतरला. अळ्या गेल्या आणि डोळाही गेला. सीताफळाच्या बीची पूड डोळ्याला किती वाईट हे त्या धनगराला ठाऊक होतं. डोक्यात उवा झाल्या की बायका ती लावतात तेव्हा डोळे बांधतात, असं त्यानंच मला सांगितलं. कुत्र्याचे डोळे बांधायचं मात्र राहून गेलं.

हळदीचंही तसंच. वरवर खरचटलं असेल तर खोबरेल तेलात हळद कालवून लावायला माझी हरकत नाही. अंथरूण पिवळं होईल एवढंच. पण रानडुकराचा सुळा लागलेला किंवा दुसऱ्या कुत्र्याचा दात रुतलेला असेल, तर ती जखम वरून चण्याएवढी आणि आत बोटभर खोल असते. तिच्यावर हळद दाबून भरली की वर खपली धरते आणि आत पू होतो. असल्या किती खपल्या मी भिजवून काढल्या त्याची गणती नाही. आधी धुवायचं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाच्या चमच्यानं सपाट चमचाभर मीठ, आणि धार सोडत धुवायचं. दात रुतलेला असेल तर धुवून झाल्यावर दवाखाना, कारण तिथं रेबीजच्या लशीचाही प्रश्न येतो. तो घरात सुटत नाही.

जळकं इंजिन ऑईल मात्र बंद करा बाबांनो. लूत भरलेल्या कुत्र्याला ते फासायची आमच्याकडं पद्धतच आहे. ट्रॅक्टरचं ऑईल बदललं की डबा राखून ठेवतात. कुत्रं अंग चाटतं, ऑईल पोटात जातं. तंबाखूच्या पाण्यानं गोचिडी मरतात हे खरं, पण त्यातलं विष कातडीतूनही आत शिरतं. एका कुत्र्याला तोंडाला फेस आलेला, पाय झाडत असलेला असा आणला होता. मालक सांगत होता, "औषध काय न्हाय दिलं साहेब, नुसती तंबाखूची आंघोळ घातली."

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगणं सोपं असतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमची पिंगी जिन्याखाली जाऊन बसली. पाच वर्षांची, गावठी, पिंगट रंगाची कुत्री. दूध-पोळी बघून मान फिरवली. कान गरम लागला. बोटांच्या बेचक्यांत आणि कानाच्या आत गोचिडी होत्या. मी बसून चाळीसेक काढल्या, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि गुळवेल, तुळस, थोडा गूळ असा काढा करून दिवसातून दोनदा पाजला. दुसऱ्या दिवशी तिनं थोडी पोळी खाल्ली. मी घरात सांगितलं, उतार पडला. आमची मंडळी म्हणाली, "अवं, एकदा कराडला दाखवा की." मी म्हणालो, एकतीस वर्षं काय गवत कापलं काय?

चौथ्या दिवशी सकाळी शहाबादी फरशीवर रक्ताचे थेंब होते, नाकातून पडलेले. मग मी तिचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर जांभळे ठिपके. दवाखान्यात आलेल्या शेकडो माणसांना मी सांगितलं असेल की आधी हिरड्या बघा, आणि घरच्या कुत्रीचा ओठ चार दिवसांत एकदाही उचलला नव्हता. जीप करून कराड गाठलं. रक्त तपासलं. प्लेटलेट दोन लाखांच्या वर पाहिजेत, त्या निघाल्या अठरा हजार. एर्लिकिया. गोचिडीच्या तोंडून रक्तात शिरणारा जंतू. त्याचा ताप मधेच उतरतो, मधेच चढतो. पिंगीनं दुसऱ्या दिवशी पोळी खाल्ली ती त्याच उतारात, काढ्यानं नव्हे. डॉक्टर तरुण होते. मी कोण ते कळल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही तर दवाखान्यात होता ना?"

सलाईन झालं, आणि 28 दिवस डॉक्सिसायक्लिन. ती गोळी दुधातून द्यायची नाही, दुधानं तिचा गुण कमी होतो. आमच्याकडं कुत्र्याला गोळी म्हटलं की दुधातच जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पोट भरल्यावर पोळीच्या तुकड्यात गुंडाळून दिली. पिंगी वाचली. आज पायरीवर बसलीय.

पण पुढचं ऐका. गेल्या महिन्यात एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एक दुसरीला सांगत होती की गोचिडीच्या तापावर गुळवेल-तुळशीचा काढा करायचा, ड्रेसरच्या कुत्रीला त्यानंच गुण आला, नाकातून रक्त येत होतं तरी. मी मागून म्हणालो, ताई, ती कुत्री माझी, ती गोळ्यांनी बरी झाली. तिनं वळून विचारलं, "मग काढा दिलाच न्हवता का?" दिला होता. आता यावर काय बोलणार? माझा काढा शेजारच्या दोन गावांत पोचलाय. डॉक्सिसायक्लिन कुठंच पोचलं नाही, कारण ते नाव कुणाच्या तोंडात बसत नाही.

लोक घरगुती उपायांकडं का वळतात ते मला कळतं. गावच्या दवाखान्यात रक्त तपासायचं यंत्र नाही. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आमच्यापासून शंभराच्या वर किलोमीटर. 1962 वर फोन लावला तर फिरतं पथक येतं, पण ते मुख्यतः गाईम्हशींसाठी. कुत्र्यासाठी जीप करणारा माणूस गावात चेष्टेचा विषय होतो. मीही झालो. म्हणून घरी काहीच करू नका असं मी सांगत नाही. मोठ्या कुत्र्याला नुसती हगवण लागली असेल, रक्त नसेल, अंगात जोर असेल, तर एक वेळचं जेवण चुकवून मग गिचका भात आणि उकडलेली कोंबडी द्यावी. हाड, मीठ, मसाला काही नको. ओआरएस थोडं थोडं चाटवावं. निम्म्या घरांत तर दूध बंद केलं की हगवण थांबते, कारण मोठ्या कुत्र्याला दूध पचतंच असं नाही. पिल्लाला मात्र उलटी आणि रक्ताची हगवण लागली तर एक तासही घरात थांबू नये. तो पार्व्हो नावाचा विषाणूचा आजार असू शकतो आणि पिल्लू दोन दिवसांत सुकून जातं. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, काडीनं भाजू नये, बोटानं चिरडू नये. कडुलिंबाच्या पाण्यानं अंग धुतलं तरी भिंतीच्या भेगा तशाच असतात, आणि मादी अंडी तिथंच हजारांनी घालते. भेगा आधी बुजवा.

आणि ताप हातानं बघू नका. कुत्र्याचं अंग आपल्याला गरमच लागणार. 101 ते 102.5 फॅरेनहाइट हे त्याचं रोजचं. तेवढ्यावर घाबरून कुणी क्रोसिन देतं, कुणी अंगदुखीची गोळी. क्रोसिन कुत्र्याच्या यकृतावर जाते, अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात. थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा. तो वेगळा ठेवा. आमच्या घरात यावरून एकदा मोठं भांडण झालंय, तपशील छापण्यासारखा नाही. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. नाही झाली, किंवा मुळातच पांढरी असली, तर काढ्याचं भांडं चुलीवर ठेवू नका.

माझी विनंती एवढीच की लसूण, कांदा आणि मनुका यांबद्दलची दुरुस्ती आपण छापावी. आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी, कुत्र्याच्या फोटोसकट छापा. फ्रिजच्या दारावरची जागा सध्या रिकामी आहे, आणि सुनेला तिथं काहीतरी लावायचंच आहे.

आपला,
एक निवृत्त व्रणोपचारक
ता. पाटण, जि. सातारा
(नाव छापू नये. एस.टी.तल्या ताई आपला पेपर वाचतात.)