शाळा उघडण्याचा निर्णय कोणाचा? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री

विषय : महासाथीतील शाळाबंदी आणि पालक-शिक्षक संबंध

सविनय नमस्कार,

कोविडच्या महासाथीच्या काळात शाळा बंद ठेवाव्यात की उघडाव्यात, यावरून पालक आणि शिक्षक यांच्यात जे वितुष्ट आले ते अजून पुरते मिटलेले नाही. ज्यांनी ते मिटवायचे, त्यांनी ते दोन पक्षांचे आपापसातले भांडण समजून त्याकडे काणाडोळा केला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या काळात मी एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात पालकांची प्रतिनिधी होते. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे जे घडले ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच घडले. त्या वेळी आपण या पदावर नसालही. पण पुढची साथ येईल तेव्हा सगळे याच खुर्चीकडे पाहतील, तेव्हा हे पत्र पदाला उद्देशून आहे असे समजावे.

एप्रिल २०२०च्या सुरुवातीला १९०हून अधिक देशांत शाळा बंद होत्या आणि युनेस्कोच्या मोजणीनुसार सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. त्या पहिल्या आठवड्यांत भांडण नव्हते. कोणालाच काही ठाऊक नसल्यामुळे माणसे एकमेकांना सांभाळून घेत होती. शिक्षक फोन करून मुलांची चौकशी करीत आणि पालकांना त्याचे अप्रूप वाटे. खटके उडू लागले ते ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर द्यायला कोणी पुढे येईना तेव्हा.

आमच्या वर्गाच्या गटावर एके रात्री शाळा सुरू होण्याची तारीख पुन्हा पुढे ढकलल्याचे परिपत्रक आले. ते वर्गशिक्षिकेने पुढे पाठवले होते, आणि त्या निर्णयाशी तिचा संबंध तेवढाच होता. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘पगार मात्र वेळेवर होतोय ना, बाई?’ कोणी हरकत घेतली नाही, बाईंनीही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांना नावाने हाका मारीत त्यांनी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली, आणि पाढ्यावरचा प्रश्न विचारल्यावर एका मुलाच्या मागून मोठ्या माणसाने कुजबुजलेले उत्तर ऐकूनही न ऐकल्यासारखे करून त्या पुढच्या नावाकडे वळल्या. शिक्षक वर्गात कसे शिकवतात हे तोवर पालकांनी कधी पाहिले नव्हते. आता ते रोज दिसत होते आणि रोज त्याची समीक्षा होत होती, तीही अशा माध्यमातल्या शिकवण्याची, ज्याचे प्रशिक्षण बहुतेकांना कधी मिळालेच नव्हते.

दुसऱ्या बाजूचेही ऐकावे. संघाच्या बैठकीत एका पालकाने शाळा लवकर उघडण्याची मागणी केली, तेव्हा ‘शाळा म्हणजे काय पाळणाघर आहे?’ असा प्रश्न एका शिक्षकांनी केला. ज्या बाईंना तो केला गेला, त्यांना कामावर रोज प्रत्यक्ष हजर राहावे लागत होते, आणि पहिलीतले मूल त्या शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून जात होत्या. हे त्या शिक्षकांना माहीत नव्हते, आणि त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत हे त्या बाईंना माहीत नव्हते.

या दोन्ही भीतींना आधार होता, हे आता पुराव्यानिशी सांगता येते. स्वीडनने २०२०च्या वसंतात लहान वर्गांच्या शाळा चालू ठेवल्या आणि वरच्या वर्गांचे शिक्षण ऑनलाइन केले. त्यामुळे संशोधकांना तुलनेची एक आयतीच संधी मिळाली. चालू शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांना संसर्ग होण्याचे प्रमाण ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या सुमारे दुप्पट आढळले. ज्या पालकांची मुले चालू शाळेत जात होती, त्यांच्या बाबतीत मात्र वाढ थोडीच होती. म्हणजे एकच निर्णय दोन घरांत वेगवेगळे वजन घेऊन उतरत होता. ‘मुलांना फारसा धोका नाही’ हे पालकाचे म्हणणे आणि ‘मला धोका आहे’ हे शिक्षकाचे म्हणणे एकाच वेळी खरे होते, आणि दोन खऱ्या गोष्टींमधला तोल सांभाळणे हे शासनाचे काम होते. ते आपल्या खात्याने केले असते, तर एकमेकांना आपमतलबी ठरवण्याची पाळी दोघांवर आली नसती.

शिवाय पालक म्हणजे उघडा म्हणणारे आणि शिक्षक म्हणजे बंद ठेवा म्हणणारे, अशी सरळ फळी कधीच नव्हती. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, तेव्हा आपले मूल कोविडच्या प्रयोगाचा गिनिपिग होणार नाही असे म्हणत हजारो पालक समाजमाध्यमांवर एकत्र आले होते. याउलट युगांडात शाळा मार्च २०२० पासून १० जानेवारी २०२२पर्यंत, म्हणजे जवळजवळ २२ महिने, पूर्णतः वा अंशतः बंद राहिल्या आणि तिथल्या खासगी शाळांतल्या अनेक शिक्षकांचे वेतन थांबून त्यांना मिळेल ते काम करावे लागले. शाळा उघडावी असे त्यांच्याइतके तळमळीने कोणाला वाटत असेल? पगारावरून टोमणे मारणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. भारतासारख्या देशात शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला आणि तपासणी नाक्यांवर नेमले होते, हेही अनेकांच्या गावी नव्हते. खात्याला ते ठाऊक होते, कारण नेमणुकीचे आदेश शासनाचेच होते. त्या वेळी एखाद्या मंत्र्याने वार्ताहरांसमोर चार वाक्ये बोलून हा गैरसमज दूर केला असता, तर फार काही खर्च झाला नसता.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. शाळा बंद ठेवल्या हा दोष मी देत नाही, कारण अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाला नंतर शहाणपण शिकवणे सोपे असते. आक्षेप आहे तो निर्णयाची मालकी टाळण्याला. इंग्लंडचे उदाहरण पाहा. ३ जानेवारी २०२१च्या रविवारी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर शाळा सुरक्षित असल्याचे सांगितले. त्याच्या आदल्याच दिवशी शिक्षकांच्या एका मोठ्या संघटनेने प्राथमिक शिक्षकांना वर्गात जाणे सुरक्षित नसल्याचा सल्ला दिला होता. सोमवारी अनेक प्राथमिक शाळा उघडल्या, आणि त्याच संध्याकाळी देशव्यापी टाळेबंदी जाहीर होऊन त्या बंद झाल्या. त्या एका दिवसासाठी मुलांना शाळेत पाठवणारा पालक आणि त्यांना वर्गात बसवणारा शिक्षक या दोघांचीही फसगत झाली होती, पण पंतप्रधान दूर होते आणि शिक्षक फाटकात उभा होता, तेव्हा राग कोणावर निघणार? शिकागोत जानेवारी २०२२ मध्ये शिक्षक संघटनेने ऑनलाइन शिकवण्याच्या बाजूने कौल दिला, शाळा प्रशासनाने ते अमान्य करून वर्गच रद्द केले, आणि तीन लाखांहून अधिक मुलांचे शिक्षण पाच दिवस थांबले. उद्या शाळा नाही, ही बातमी पालकांना रात्री उशिरा मिळाली. मुलांना ठेवायचे कुठे, हे त्यांनी रातोरात ठरवायचे होते.

निर्णय टाळण्याची एक सभ्य दिसणारी रीतही आहे, आणि ती म्हणजे संमतिपत्र. भारतात ३० सप्टेंबर २०२० रोजी निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला आणि मुलांनी पालकांच्या लेखी संमतीनेच शाळेत यावे असे सांगितले. पालकाचे मत विचारणे योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ही संमती खाली शाळेपर्यंत पोहोचेतो तिचे हमीपत्र झाले. मी पाहिलेल्या कागदावर ‘पाल्यास संसर्ग झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील’ असे वाक्य होते. ते शाळेने घातले, कारण शाळेला वरून संरक्षण नव्हते. पालकाने त्यावर सही केली ती पर्याय नव्हता म्हणून, आणि सही करताना त्याच्या मनात हेच आले की शाळा आपले अंग काढून घेत आहे. ज्यांनी सही केली नाही, त्यांच्याबद्दल शिक्षकांनी मनात धरले की यांचा आपल्यावर विश्वास नाही. खाते या व्यवहारात कुठेच दिसत नव्हते. खिडक्या किती उघड्या असाव्यात, एका बाकावर किती मुले बसावीत, आजारी शिक्षकाच्या जागी कोण येणार, यांतल्या कशाचेही उत्तर ज्या कागदात नाही, त्या कागदाने साथ रोखली जात नाही. पुढेमागे तक्रार झाली तर ती कोणाच्या दारात न्यायची, एवढेच त्याने ठरते.

निर्णयाची मालकी घेणे अशक्य नसते, याचा जुना दाखला आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या, कोंदट चाळींत राहणाऱ्या मुलांना हवेशीर वर्गात, शिक्षक, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या रोजच्या नजरेखाली ठेवणे अधिक चांगले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी वृत्तपत्रांतून आपल्या नावानिशी मांडले. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर आजही वाद घालता येईल, आणि इतर अनेक शहरांना बंदीचा फायदा झाल्याचे अभ्यास आहेत. पण टीका कोणावर करायची, हे न्यूयॉर्कच्या पालकाला माहीत होते, आणि ती वर्गशिक्षिका नव्हती. (त्या साथीत शिकागोनेही शाळा उघड्याच ठेवल्या होत्या, हे जाता जाता नमूद करते.)

आता उरलेल्या नुकसानीबद्दल. २०२२च्या पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांची गणितातील सरासरी २०१८च्या तुलनेत सुमारे १५ गुणांनी घसरली, ही बातमी सर्वत्र झळकली. त्याच अहवालातील एक नोंद मात्र मागे पडली : निम्म्याहून अधिक पालक स्वतःहून मुलाच्या प्रगतीबद्दल शिक्षकांशी बोलतात, अशा शाळांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण या चार वर्षांत सरासरी सुमारे १० टक्के-बिंदूंनी कमी झाले. याला शाळाबंदीवरचे भांडण हेच कारण, असे मी म्हणणार नाही. पण संघाच्या बैठकांना पूर्वी उभे राहायला जागा नसे आणि आता खुर्च्या रिकाम्या राहतात, हे मी पाहिले आहे. मूल मागे पडल्याचे शिक्षक सांगतात तेव्हा ‘तुम्हीच दोन वर्षे बुडवलीत’ हे उत्तर पालकाच्या ओठांवर तयार असते, आणि ते येणार हे ओळखून शिक्षकही हल्ली फारसे सांगत नाहीत. भरपाईचे वर्ग, सेतू अभ्यासक्रम आणि चाचण्या यांवर खर्च होत असताना या न बोलण्याकडे कोणाचेच लक्ष नाही.

म्हणून माझी आपल्याकडे काही मागणी आहे. पुढच्या साथीत शाळा बंद करण्याचा आणि उघडण्याचा आदेश कोणत्या पदावरील व्यक्तीच्या सहीने निघेल, हे आजच, साथ नसताना, जाहीर करावे. स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घ्यायला हरकत नाही, पण तो अधिकार ज्याला द्याल त्याला जबाबदारीही द्यावी. मुख्याध्यापकांच्या गळ्यात ती अडकवून वर तटस्थ बसू नये. कोणत्या निकषांवर शाळा बंद होतील, कोणते वर्ग आधी उघडतील आणि शाळांच्या आधी आणखी काय काय बंद होईल, हे त्यातच लिहिलेले असावे. मागच्या वेळी अनेक ठिकाणी उपाहारगृहे शाळांच्या आधी उघडली आणि त्याचे स्पष्टीकरण पालकांना कोणी दिले नाही.

शिक्षकांची सुरक्षितता ही शाळा उघडण्याची पूर्वअट मानून तिचा खर्च शासनाने उचलावा. वर्गात हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, वयस्क आणि व्याधिग्रस्त शिक्षकांसाठी पर्यायी काम, आणि लस असेल तर तिच्या रांगेतले स्थान या गोष्टी शिक्षक संघटनांना भांडून मिळवाव्या लागू नयेत. आघाडीवरचे आरोग्य कर्मचारी आणि अतिजोखमीचे लोक यांच्यानंतर शिक्षकांना लशीत प्राधान्य द्यावे, असे आवाहन युनिसेफने डिसेंबर २०२० मध्येच केले होते; ते सर्वत्र वेळेवर मानले गेले असते, तर शिक्षकांच्या नकाराचे एक मोठे कारण उरले नसते. मग एवढे करूनही एखादी संघटना वर्गात जायला नकार देत असेल, तर पालकांच्या बाजूने उभी राहणारी मी पहिली असेन, हेही स्पष्ट सांगते.

जबाबदारी पालकांवर ढकलणारी हमीपत्रे नियमाने बंद करावीत. प्रत्येक आदेशासोबत त्यामागची कारणे आणि आकडे प्रसिद्ध व्हावेत, आणि तो अमलात येण्याआधी घरांना आणि शाळांना तयारीसाठी निदान तीन दिवस मिळावेत. साथीने तेवढी उसंत दिली नाही, तर तसे त्याच आदेशात लिहावे. आणि दर वर्षी, साथ असो वा नसो, पालक आणि शिक्षक यांचे प्रतिनिधी आरोग्य अधिकाऱ्यांसह एकत्र बसून हा आराखडा वाचतील, अशी व्यवस्था करावी. त्यांना नकाराधिकार देऊ नये, अशा समित्या त्यानेच कुजतात. पण आकडे दोघांसमोर एकाच वेळी ठेवावेत.

या पत्राचे उत्तर आपण द्याल अशी अपेक्षा आहे. ते देताना पालकांना वेगळे आणि शिक्षक संघटनांना वेगळे पत्र पाठवू नये. दोघांच्या नावे एकच उत्तर काढावे, त्यावर आपली सही असावी, आणि ते शाळांच्या सूचना फलकांवर लावण्याचा आदेश त्यासोबत जावा.

कळावे.

आपली नम्र,
पालक-शिक्षक संघाची एक माजी सदस्य