मदरबोर्ड बदलला, पण रिकव्हरी कीबद्दल एक शब्द नाही - 590 रुपये परत करा

नमस्कार,

लॅपटॉप तुमच्याच कंपनीचा, वॉरंटीत आहे. मी इचलकरंजीत जीएसटी रिटर्न भरायचं काम करतो, बहुतेक क्लायंट यंत्रमागवाले. 5 तारखेला लॅपटॉप चालूच होईना म्हणून कोल्हापूरच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. मदरबोर्ड गेलाय म्हणाले, पार्ट यायला नऊ दिवस लागले, 14 ला परत मिळाला. तिथे फक्त लाईट लागते का बघून पिशवीत घालून दिला आणि मीही येडा, तसाच घेऊन आलो.

घरी येऊन चालू केला तर निळा स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की टाका म्हणे, 48 आकडी. मी आयुष्यात कधी बिटलॉकर लावलेलं नाही! दुसऱ्या दिवशी परत कोल्हापूर. काउंटरवरचा मुलगा स्क्रीन बघून म्हणाला, "सर फॉर्मॅट मारावा लागेल, डेटा जाईल, इथे सही करा." सही केली नाही. तरी तपासणीचे 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 590 घेतले, तो हिशोब मात्र अचूक. कॉल सेंटरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा फॉर्मॅटच, आणि तिसऱ्यांदा तर मी लाईनवर असतानाच 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' म्हणून तिकीट बंद केल्याचा मेसेज आला.

शेवटी पुण्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं की अहो काका, ती की तुमच्या विंडोजच्या अकाउंटमध्ये सेव्ह असते. जुन्या बोर्डवरच्या चिपमध्ये कुलूप उघडायची सोय होती, बोर्ड बदलला की नवीन चिपला डिस्क ओळखता येत नाही, म्हणून ती की मागते. म्हणजे बोर्ड बदलणाऱ्याला हे रोज दिसत असणार ना?

आता अकाउंट उघडायला गेलो तर ओटीपी जुन्या नंबरवर, ते सिम मी केव्हाच बंद केलंय. नंबर बदलायचा तर 30 दिवस थांबा! आणि 20 तारखेला 3बी, म्हणजे क्लायंटचं महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची तारीख. दुसरा पर्याय म्हणून एक ईमेल दाखवत होतं, पहिली दोन अक्षरं आणि पुढे नुसत्या चांदण्या. चार-पाच दिवस डोकं खाजवलं, मुलीचा, मेहुण्याचा, सगळ्यांचे मेल बघून झाले. 23 ला सकाळी बायको म्हणाली, लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानात बरोबर कोण होतं? पुतण्याच होता! त्याचा कॉलेजचा जुना मेल, त्याचा त्यालाच आठवत नव्हता. कोड त्याच्या स्पॅममध्ये सापडला. आत गेलो तर दोन की, मग स्क्रीनवरच्या आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर कुठली ते बघितलं. बायको सहा-सहाचे आठ गट वाचत होती, मी टाईप करत होतो, पाचव्या गटात चुकलो, परत केलं, आणि टॅली उघडलं तेव्हा दोघांनी आधी चहा घेतला.

बॅकअप होता, पण मार्चचा, ती चूक माझी. डिस्कला कुलूप असावं हेही मान्य, लॅपटॉप चोरीला गेला तर क्लायंटचे आकडे बाहेर जायला नकोत. बोर्ड मेलेला असताना ते कुलूप आधी काढता आलं नसतं हेही समजतं. पण नऊ दिवस लॅपटॉप तुमच्याकडे नुसता पडून होता हो, 5 तारखेलाच कोणी म्हटलं असतं की काका, की काढून ठेवा, तर 14 पर्यंत मी ती शोधली नसती का? ते राहिलं म्हणून तीन क्लायंटचे 3बी तीन-तीन दिवस लेट झाले, रोजचे 50 प्रमाणे 450 लेट फी मी खिशातून भरतोय, व्याज वेगळंच.

450 तुमच्याकडे मागत नाही. पण 590 परत पाहिजेत, कारण तपासणी तुम्ही केलीच नाही. आणि जॉब शीटवर, जिथे 'चार्जर दिला / नाही' लिहिता ना, तिथेच खाली 'रिकव्हरी की आहे / नाही' एवढी एक ओळ टाका. तिकीट परत उघडून 15 दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार टाकतो.

बिल, जॉब शीट आणि निळ्या स्क्रीनचा फोटो जोडलाय. आणि हो, पाच स्टार द्या म्हणून रोज मेसेज येतोय तुमचा, तो तेवढा बंद करा.

तुमचा ग्राहक,
इचलकरंजी