मंगळावरचे पाणी : मथळ्यात काळही सांगा

संपादक महोदय,

‘मंगळावर पाणी सापडले’ असा मथळा वरचेवर वाचायला मिळतो. वाचणाऱ्याला वाटते, तिथे आज ओढे वाहताहेत. बातमी बहुतेक वेळा साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या पाण्याची असते आणि ते ओळखलेले असते दगडांवरून. कसे ओळखले, हे चार ओळींत दिले तरी गैरसमज टळेल.

मंगळावरच्या गेल विवरात ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारे यान, २०१२ मध्ये उतरला. काही आठवड्यांतच त्याला गोट्यांचा घट्ट चिकटलेला थर दिसला. गोटे २ ते ४० मिलिमीटरचे, कडा झिजलेले. वाळूचा कण वाऱ्यानेही गोल होतो, म्हणून नुसत्या गोलाईवर भिस्त ठेवता येत नाही. इथे आकारमान महत्त्वाचे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या विरळ हवेला चार सेंटिमीटरचा गोटा वाहून नेता येत नाही; तो वाहत्या पाण्यानेच आणला. त्यावरून काढलेला हिशेब असा : प्रवाह ३ ते ९० सेंटिमीटर खोल, वेग सेकंदाला २० ते ७५ सेंटिमीटर.

फेब्रुवारी २०१३ मध्ये जवळच्याच पंकाश्मात (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) ‘क्युरिऑसिटी’ने ६.४ सेंटिमीटर खोल भोक पाडले. वरची धूळ तांबडी, आतला भुगा मात्र करडा. त्यात सुमारे २० टक्के स्मेक्टाईट गटाची चिकणमाती निघाली. बेसाल्ट पाण्यात मुरला की ही माती तयार होते. दख्खनच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या हिच्यामुळेच. पाणी फार आम्ल असते तर ती टिकली नसती.

मंगळावरच्याच मेरिडियानी मैदानात ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दुसऱ्या रोव्हरला २००४ मध्ये सापडलेले जॅरोसाईट हे खनिज याच्या उलट सांगते. ते आम्ल पाण्यातच घडते आणि पुढे दीर्घकाळ ओले राहिले तर विघटते. म्हणजे तिथले पाणी आम्ल होते आणि नंतर आटलेही. ‘मंगळाचे पाणी’ असे सरसकट लिहिले की हा फरकच हरवतो.

घाई शास्त्रज्ञांकडूनही होते. उतारांवर दरवर्षी उमटणारे काळपट पट्टे २०१५ मध्ये खाऱ्या पाण्याचे म्हणून जाहीर झाले. २०१७ च्या अभ्यासात दिसले की ते फक्त सुमारे २७ अंशांहून तीव्र उतारांवरच असतात. कोरडी वाळू घसरते तीही अशाच उतारांवर; म्हणजे पट्टे पाण्याशिवायही उमटू शकतात.

आज तिथे बर्फ आहे, ध्रुवांवर आणि मातीखालीही. ‘फिनिक्स’ यानाने २००८ मध्ये खणून उघडे पाडलेले त्याचे खडे चार दिवसांत थेट वाफ होऊन उडून गेले. तेव्हा प्राचीन पाणी, आजचा बर्फ की चिकणमातीसारख्या खनिजात बांधलेले पाणी, एवढे तरी मथळ्यात यावे.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक